मधल्या दाराची फळी

मी, लोटन हिलाल पाटील, वय वर्षे एकोणऐंशी, साखर कारखान्यातून निवृत्त काटा-कारकून, मूळचा प्रकाशा गावचा, हल्ली राहणार बसस्टँडमागची गल्ली, शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. साखर वाढली आहे, डावा पाय काळा पडला आहे, पण हात कापत नाही. कोणी धाक घातलेला नाही. या घरात मला धाक होता तो एकट्या शांतीबाईचा, माझ्या पत्नीचा, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली.

यापूर्वी सगळे घर मुलाच्या नावे करणारे मृत्युपत्र मी लिहिले होते. ते रद्द समजावे.

१. बँकेतील ठेव व शांतीबाईचे दागिने मुलगी सीमा हिला द्यावेत. आईचे शेवटचे दुखणे तिने एकटीने काढले. धीरजने त्यात वाटा मागू नये.

२. पुतण्या धर्मेंद्र याने नेलेला फवारणीचा पंप त्याच्याकडेच राहू द्यावा. अकरा वर्षे मागून मी थकलो. त्याने माझ्या दहाव्याला भाषण करू नये एवढी अट आहे.

३. घर. हे मी माझ्या पगारातून बांधले, वडिलोपार्जित नाही. रस्त्याकडचा पुढचा भाग मुलगा धीरज यास देतो. त्याने मला न विचारता बिल्डरकडून इसार घेतला आहे. सगळे पाडून दुकानांचे कॉम्प्लेक्स करायचे आहे. मागच्या भाडेकरूंचे काय, असे विचारले तेव्हा फोनवर म्हणाला, "त्यांना दोन महिन्यांची मुदत देऊ की." पुढच्या भागाचे त्याला काय करायचे ते करो.

मागच्या दोन खोल्या, मोरी, आणि मधल्या दारातून थेट रस्त्यापर्यंत जाण्या-येण्याचा कायमचा हक्क मी माझे भाडेकरू जालमसिंग वाहरू वसावे, एसटीतील मेकॅनिक, यांना व त्यांच्या पश्चात त्यांची मुलगी रोशनी हिला देतो.

वकीलसाहेब हे वाचून हसले. म्हणाले, "आबा, जागा एकदा आदिवासीच्या नावावर गेली की बिल्डरला कलेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावता येणार नाही." मी म्हणालो, म्हणूनच तर लिहितो आहे.

४. कारण लिहिले नाही तर धीरज म्हणेल, म्हाताऱ्याला भूल पडली. म्हणून लिहितो.

चौदा वर्षांपूर्वी खोल्यांसाठी एकाचा फोन आला. आमच्या गुजर समाजाच्या बोलीत, गुजरीत बोलला, तीही प्रकाशाच्या वळणाची, जुन्या माणसांसारखी. गाव विचारले, प्रकाशा म्हणाला. आडनाव मी विचारले नाही. बोलीवरून माणूस आपला आहे हे कळते, असा माझा समज होता. चावी दिली. बायको-मुलीला घेऊन आला, दूध उतू घालवले, शांतीबाईने त्याच्या बायकोची, दगूबाईची, खणानारळाने ओटी भरली. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचा फॉर्म भरायला घेतला आणि आडनाव निघाले वसावे. त्याचा बाप वाहरू आमच्याच भाऊबंदांच्या खळ्यात सालदार होता. पोर गोठ्यात वाढले, बोली तिथेच शिकले. तो खोटे काहीच बोलला नव्हता.

मी शांतीबाईला म्हणालो, काढून देऊ. ती म्हणाली, ओटी भरलेली बाई या घरातून मी हाकलणार नाही. तेव्हा मी दुसरा मार्ग काढला. मागच्यांची वाट आमच्या ओसरीवरून, मधल्या दारातून होती. शब्बीर मिस्तरीला बोलावून त्या दारावर आमच्या बाजूने सागाची आडवी फळी ठोकून घेतली. शब्बीरने विचारले, "आबा, मंग त्यास्नी वाट कोठून?" मी म्हणालो, मागच्या बोळातून. बोळ अडीच फुटांचा. त्याने खिळे ठोकले, मजुरी घेतली नाही, आणि नंतर वर्षभर माझ्याकडे चहा प्यायला नाही.

जालमसिंग तरीही राहिला. त्याआधी गावात अकरा ठिकाणी विचारून झाले होते.

पुढे धीरजला सुरतेत फ्लॅट मिळेना. खानदेशातले लोक मटण खातात, आम्ही देत नाही, असे सोसायटीवाले म्हणाले. माझ्या मुलाने आयुष्यात अंडे फोडलेले नाही. फोनवर तो रडला. मग मीच त्याला शिकवले, गुजरीत बोल, आम्ही मूळचे गुजरातचेच सांग. फ्लॅट मिळाला. आम्ही इकडे पेढे वाटले. मागच्या खोल्यांतही पाठवले, बोळातून.

त्यानंतरच्या मे महिन्यात, दुपारी अडीचला, मधल्या दारावर थापा पडल्या. दगूबाईला आठवा महिना होता, अंगावरून रक्त जात होते. जालमसिंग ओरडत होता, "आबा, दार उघडा. तिले दवाखानामा लई जानं शे. खाट बोळमा मावत नही." शांतीबाई उठून बसली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "झोप. एकदा उघडले की रोजचे होईल."

खाट बोळात अडकली. मागे ओढून घेतली, मग त्याने तिला पाठीवर घेतले. दवाखान्यात म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवे होते. बाई गेली, पोटातले मूलही गेले. रोशनी तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी सगळ्यांना सांगितले की आम्हाला गाढ झोप लागली होती. पण शांतीबाई त्या दिवसापासून मरेपर्यंत दुपारी आडवी झाली नाही, त्या दाराकडे तोंड करून बसून राहायची. तेराव्यानंतर मी जालमसिंगला म्हणालो, फळी काढून टाकतो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. आते कोनले जानं शे?"

रोशनी आता नर्स आहे. रोज सकाळी बोळातून वळसा घालून येते, मला इन्सुलिन देते, पायाची पट्टी बदलते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "आबा, तुम्ही त्या दिवशी झोपेल व्हतात, तुम्हना काय दोष?" त्या पोरीच्या हातात माझा काळा पाय होता.

५. हे मृत्युपत्र सीमाने जालमसिंग व रोशनी यांच्यासमोर मोठ्याने वाचावे, चौथे कलम न गाळता. त्यानंतर त्यांनी माझ्या नावाने थुंकले तरी चालेल. खोल्या त्यांच्याच. मी माफी मागत नाही, ती देण्याचे ओझे त्यांच्यावर नको.

६. शब्बीरने आज फळी काढली. दार उघडे राहील. मात्र माझी तिरडी त्या दारातून किंवा पुढच्या दारातून नेऊ नये. ती मागेच बांधून बोळातून काढावी. अडेल. अडली तर अर्धा तास अडू द्यावी, मग पुढे न्यावी.

शब्बीर साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही. तो म्हणाला, बरे झाले.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि दुपारी अडीच वाजता, त्या दिवशी होतो तितकाच जागा असताना, त्याखाली सही केली.

लोटन हिलाल पाटील (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. शब्बीर हुसेन मिस्तरी, सुतारकाम (सही)
२. डॉ. नरोत्तम शिंपी (सही)

स्थळ: शहादा
दिनांक: १४ मे २०२५