करंगळीचं टोक

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दंडाची जखम भरली. कोपराच्या वर काच घुसली होती, तिथे आता नुसता वण आहे. पण करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू अजून बधिर आहे. काल काच कापताना करंगळी चिरली, ते तावदानावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी बोटं फाकवून पाहिली, दोन बोटांत कागद धरायला लावून ओढला. मी घट्ट धरला. ते म्हणाले, नस तुटली असती तर हे जमलंच नसतं, सोंग पुरे. मालकांनी मला टेबलावरून उठवून खोकी बांधायला बसवलंय. तू रोज विद्यार्थ्यांना शवाचा हात उघडून शिकवतेस, म्हणून विचारतो.

तुझा,
गुंड्या

११ मार्च

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

डॉक्टरांचं बरोबर आहे. बोटं फाकवणारे स्नायू त्याच नसेवर चालतात. ते चालतात, म्हणजे नस शाबूत आहे. भीती बसली असेल. गणिताच्या पेपरला तुझं पोट दुखायचं, तसं तर नाही ना? रागावू नकोस. कामात मन घाल, विसरशील.

तुझी,
ताई

१६ जून

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तीन महिने तुझं पत्र नाही. का नाही, ते आज कळलं.

सकाळी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये एका मुलीनं विचारलं, हा धागा कसला? कोपराखाली मधल्या नसेतून एक बारीक फाटा निघून करंगळीकडच्या नसेला मिळाला होता. मी नेहमीसारखं सांगितलं की असा फाटा पुष्कळांच्या हातात असतो. करंगळीची नस कोपराच्या वर तुटली तरी या आडवाटेनं बोटं फाकतात. बोलता बोलता थांबले. बारा वर्षं हे शिकवतेय, आणि तुला लिहिताना आठवलं नाही. खरं सांगायचं तर मी आठवायला बसलेच नाही.

एक कर. दुसऱ्या हातानं करंगळीचं मधलं पेर धरून नुसतं टोक वाकवून बघ. त्या स्नायूला ही आडवाट मिळत नाही. वाकलं नाही तर तडक मोठ्या इस्पितळात जा, सोबतची चिठ्ठी दाखव आणि नसेची विजेची तपासणी करून घे. आता उशीर नको. माझं चुकलं, मला माफ कर.

तुझी,
ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोक वाकलं नाही. हिनं तीनदा करायला लावलं, मग माझे कपडे पिशवीत भरायला घेतले. मधे तिनंही बोटाचं विचारणं सोडलं होतं.

तपासणीत फाटा निघाला. वणाखाली नस तुटलेली होती, ती पायातली बारीक नस लावून सांधली. सर्जन म्हणाले, दीड वर्ष तरी लागेल, पूर्ण जाणीव येईलच असं नाही, लवकर यायला हवं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, मी ऐकून घ्यायला हवं होतं. टेबल परत मिळालंय. करंगळीला चामड्याची टोपी घालून कापतो.

डॉक्टरांनी खोटं ठरवलं त्याचं फार वाटलं नाही, ते मला ओळखत नाहीत. तुझं लागलं. म्हणून लिहीत नव्हतो. आता लिहिलं, संपलं.

सर्जन म्हणतात, असा फाटा कधी कधी एकाच घरात अनेकांना असतो. सुट्टीत आलीस की तुझाही हात दाखवून घेऊ.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
गुंड्या