आभाळाकडचं दार

४ मार्च

काल सकाळी सहाला उठून तांदूळ धुतले, सोयाबीनच्या मोडांचं सूप चुलीवर टाकलं, अंथरुणं गुंडाळून दोरीने बांधली, किमचीच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. सामान टेंपोत चढल्यावर रिकामी खोली पुसून काढली. घरमालकीण म्हणाली, जाता जाता कोण पुसतं? मी म्हटलं, सवय आहे.

नवी जागा म्हणजे मोकपो शहराच्या जुन्या बाजारातला गोल्डन टाऊन मॉल. चार मजले. बंद पडून नऊ वर्षं झाली. आतले गाळे इतके लहान की एक अंथरूण घातलं की गाळा संपला. पण प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा, आणि तीनशे मालकांचं कधी एकमत होत नाही, म्हणून इमारत विकलीही जात नाही आणि पाडलीही जात नाही. मालकसंघाचे सचिव प्यो साहेब यांनी मला राखणदार म्हणून ठेवलं. दिवसातून दोनदा फेरी मारायची, गळतीखालच्या बादल्या ओतायच्या, कुलपं बघायची. राहायला तळमजल्यावरची मागची खोली. तिला दोन दारं आहेत. एक गल्लीत उघडतं, दुसरं मॉलच्या आत.

माझी मुलगी यूरिम सतरा वर्षांची आहे. बंद पडलेल्या मॉलचे फोटो जमवते, त्यांचे नकाशे काढते, आर्किटेक्ट व्हायचं म्हणते. खोली न बघताच ती आत धावली आणि बंद सरकत्या जिन्यावरून ओरडली, आई, आपण राजवाड्यात राहायला आलो. वर्षभरात पहिल्यांदा हसली. मला काही वाटलं नाही, पण हसली हे लिहून ठेवते.

तिचे बाबा गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. माझी शाळा सहावीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर शिकले. त्यातल्याच एकात वाचलं होतं की रोज थोडं लिहावं.

१० मार्च

मॉलमध्ये अजून एकच दुकान चालू आहे, रस्त्याच्या बाजूला, कपडे दुरुस्तीचं. चालवणारी बाई जिंदो बेटावरची, म्हणून सगळे तिला जिंदोवालीच म्हणतात. तोंडाची फटकळ. यूरिमला खांब चाचपताना बघून मला म्हणाली, अहो यूरिमच्या आई, हिच्या वयाच्या पोरी पोरांकडे बघतात, ही सिमेंटकडे बघते. लग्नात हुंड्याला एक जिना मागेल बघा.

यूरिम शाळेतून आली की पावलं मोजत मजल्यांचा नकाशा काढते. जेवताना मला शिकवते. मॉलला खिडक्या का नसतात, घड्याळ का नसतं, वर जाणारा जिना आणि खाली येणारा जिना लांब लांब का ठेवतात. आत आलेल्या माणसाला बाहेर जायचं सुचू नये, म्हणून. मी म्हटलं, ही लबाडीच झाली. ती म्हणाली, लबाडी खरी, पण आई, किती हुशारीची आहे बघ ना.

तिसऱ्या मजल्याचा मोठा बोळ तिच्या पावलांनी एकशे बारा भरला.

१७ मार्च

आज यूरिमच्या बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध. पूर्वी मध्यरात्री करत, आता सगळेच संध्याकाळी उरकतात. मासा तळला, टोफू तळला, पालेभाजी, नासपती, तांदळाची दारू. कागदावर त्यांचं नाव लिहून पानामागे उभं केलं. मेणबत्ती लावली.

गेलेल्या माणसाला येता यावं म्हणून दार किलकिलं ठेवायचं असतं. गल्लीकडून बोचरा वारा येत होता, मेणबत्ती दोनदा विझली. म्हणून ते दार लावून घेतलं आणि आतलं उघडलं. दार ते दारच, असं मला वाटलं.

यूरिमने दारू ओतली, आम्ही दोघी वाकलो. भातात चमचा उभा रोवला. मग गेलेला माणूस नऊ घास खाईल एवढा वेळ पाठ फिरवून बसायचं असतं, तसं बसलो.

वळून पाहिलं तर भाताचा डोंगर चारी बाजूंनी खणलेला. एका चमच्याचं काम नव्हतं. भांडी घासून ठेवली.

१९ मार्च

काल जिंदोवालीला सहज सांगितलं. तिने मशीन थांबवलं. म्हणाली, अहो, श्राद्धाला उघडायचं दार म्हणजे आभाळाकडचं, बाहेरचं. आत उघडलंत तर येणार कोण? आत जे असेल ते. मी म्हटलं, आत कोणी नाही, मी रोज दोनदा फेरी मारते. ती म्हणाली, हो का, मग जेवलं कोण, प्यो साहेब?

हसली नाही मात्र. आज तिचं दुकान बंद होतं. काचेवर चिठ्ठी: बहिणीकडे गेले आहे.

२३ मार्च

यूरिमने बोळ पुन्हा मोजला. एकशे चाळीस. मी म्हटलं, आधी चुकली असशील. म्हणाली, मी मोजण्यात चुकत नाही. तिच्या तोंडावर आनंद होता. नकाशाला दुसरा कागद चिकटवला.

जेवायला बसताना तिने तिसरी वाटी मांडली. मी उचलून ठेवली. तिने परत मांडली.

२६ मार्च

ती म्हणाली, बाबा तिसऱ्या मजल्यावर आहेत. नव्या बोळात, शटर अर्धं ओढलेल्या गाळ्यात. बाकीचीही माणसं आहेत. पानावर बोलावलंस तेव्हा बाबा इमारतीत आले, पण आतल्या बाजूने, आणि आता त्यांना बाहेरचं दार सापडत नाही. माझ्याकडे नकाशा आहे. मी त्यांना घेऊन येते.

मी नको म्हटलं. नीट म्हटलं, ओरडले नाही. आतल्या दाराला कुलूप लावलं, किल्ली पोलक्यात ठेवली.

विचारायचं होतं की ते बरे दिसतात का. विचारलं नाही.

२७ मार्च

सकाळी तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. गल्लीच्या दाराला आतून कडी. आतल्या दाराला कुलूप तसंच, किल्ली माझ्याजवळ.

कुलूप काढलं. दारापलीकडे तिचे बूट होते. जोडीने, आत तोंड करून.

चारही मजले फिरले. हाका मारल्या. तिसऱ्या मजल्याचा बोळ मी मोजला. माझ्या पावलांनी नव्वद. मला तेवढाच दिसतो.

पोलिस दोन तास हिंडले. एकाने विचारलं, घरात भांडण झालं होतं का? दुसरा म्हणाला, या वयाच्या मुली सोलला पळतात, काकू, आठवड्यात येईल.

बादल्या ओतायच्या राहिल्या होत्या. ओतल्या.

२९ मार्च

आतल्या दाराच्या फटीतून कागद आला. तिच्या हातचा नकाशा. पेन्सिल अजून बोटाला लागत होती. बोळ, त्याला बोळ, त्याला बोळ. दार लगेच उघडलं. कोणी नव्हतं.

३१ मार्च

तीन कागद. गाळ्यांवर नंबर. एका गाळ्यात ‘बाबा’. शेजारच्यात ‘मी’.

बाहेर जायची वाट कुठेच नाही. मी बोटाने शोधली, पुन्हा पुन्हा—

२ एप्रिल

आज एकच कागद. रेघा वाकड्या. ती कधी वाकडी रेघ काढत नाही. कोपऱ्यात लिहिलंय, आई कुठलं दार

एवढंच.

३ एप्रिल

जिंदोवालीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, बोलावल्याशिवाय तिथून कोणी निघत नाही, यूरिमच्या आई. पान मांडायचं, नाव लिहायचं, आभाळाकडचं दार उघडायचं. पण ज्याचं नाव त्या कागदावर लिहाल ते माणूस मेलेलं ठरतं. ती जिवंत असेल तर तुम्हीच तिला—

मी म्हटलं, आणि नाही लिहिलं तर? ती रडायला लागली. मी फोन ठेवला.

५ एप्रिल

कागद नाही.

६ एप्रिल

कागद नाही. दाराला कान लावला. पलीकडे कोणीतरी पावलं मोजतंय. हळू. आकडे चुकतायत. ती चुकत नाही, ती कधी—

आज नको. आज तिचं नाव लिहवणार नाही. उद्या.

७ एप्रिल

सकाळी उठून तांदूळ धुतले. मासा तळला. तिला आवडतं तसं अंड्याचं धिरडं केलं. गल्लीकडचं दार सताड उघडलं. वारा होता, मेणबत्ती हाताच्या आडोशाने धरली. मग कागद घेतला आणि माझ्या हाताने तिचं नाव लिहायला लागले. यू—