हत्यारांच्या पेटीतला गुलाब

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून या खेपेस नुसता कागदावरच.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला, की अजून भिंती हादरवतोय? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. वाचून लगेच विसर.

तू पाठवलेल्या गुलाबाच्या साबणाबद्दल लिहायला बसले आहे. तुला माहीतच आहे, मी कारखान्याच्या कँटीनमध्ये दिवसभर कांदे चिरते. तो वास हातांना, केसांना, अगदी पर्समधल्या रुमालालासुद्धा असतो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. अशात तुझा तो साबण आला. आता मी काय उधळी आहे का गं? फक्त सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर, दाराला कडी लावून तो वापरायचा. एरवी आहेच आपला घरचा हिरवा (तो अंग धुतो की खरवडतो, देव जाणे). त्या आंघोळीनंतर संध्याकाळपर्यंत मी उगाचच हात नाकाशी नेत बसायची. तेवढा एक दिवस मी कुणाची सून नसायची की कँटीनची कांदेवाली नसायची. माझी मी असायची. हसू नकोस.

पण असा साबण आमच्या घरात ठेवायचा कुठे? मोरीत ठेवावा, तर साबण पाण्यात लोळत सोडायची ह्यांची पिढीजात सवय आहे, वडीचा लगदा झाल्याशिवाय ह्यांना आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. कपाटात ठेवावा, तर कपाट सासूबाईंच्या ताब्यात. चांगली वस्तू दिसली की त्या ती पाहुण्यांसाठी उचलून ठेवतात, आणि पाहुणे आले की त्यांच्याहून बऱ्या पाहुण्यांसाठी. म्हणून मी डोकं चालवलं. साबण पुसायचा, खडखडीत वाळवायचा आणि ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवून द्यायचा. त्या पेटीला आमच्या लग्नापासून कुणाचा हात लागलेला नाही. नळ गळायला लागला तर हे खाली बादली ठेवतात. खिडकी अडकली तर म्हणतात, एवढा वारा हवाय कशाला? तेव्हा खिळे आणि स्क्रू यांच्या मधोमध माझा गुलाब अगदी सुखात होता.

आणि मग आले ह्यांचे मामा. म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. उभा जन्म सुतारकामात गेला, आता निवृत्त आहेत. दुकानातून निवृत्त, सवयीतून नव्हे. दोन दिवसांसाठी आले. (मामांचे दोन दिवस किती दिवसांचे असतात, ते भेटीअंती सांगेन.) चहा पुढ्यात यायच्या आत त्यांनी टेबलाचा खण ओढून पाहिला. तो अडकला. मावशी, तो अडकल्यावर मामांचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस! मी आपली कामावर गेले. माझ्या मागे त्यांनी पेटी मागवली.

संध्याकाळी दारात पाऊल टाकलं, तर घरभर गुलाबाचा घमघमाट. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरले. आत सासूबाई एकेक खण उघडून-मिटून भावाचं कौतुक करत होत्या. हे तर खिडकीशीच खेळत बसलेले, सर्र इकडे, सर्र तिकडे. मग मामांनी मला समोर बसवून शांतपणे समजावलं, की जातिवंत कारागिराच्या पेटीत वाळका साबण असायलाच हवा. लाकूड लाकडाला घासतं तिथे तो फिरवला की खण लोण्यासारखा सरकतो, स्क्रूला चोळला की स्क्रू मुकाट्याने आत जातो. "भाच्याला एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं," मामा म्हणाले. "साबण काय झकास वाळवलाय!" आणि मावशी, ह्यांनी मान डोलावली! वर म्हणाले, "ठेवतो मी, लागतो अधूनमधून." ह्यांना! ज्यांना पाना कुठला आणि पक्कड कुठली हे कळत नाही, त्यांना!

साबण माझा म्हणावं, तर घरच्यांपासून लपवून का ठेवलास हा प्रश्न आलाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उलट मीच मामांना आणखी चहा करून दिला. खण झाले, खिडक्या झाल्या, कड्याकोयंडे झाले, ह्यांच्या बॅगेची चेनसुद्धा मामांच्या तावडीतून सुटली नाही. उरलाय तो नखाएवढा तुकडा, आणि त्यात एक स्क्रू रुतलाय. घर गुलाबाचं आणि घरची बाई कांद्याची! परवाच्या सुट्टीला हिरव्या साबणाने अंग घासलं आणि तिथेच मोरीत बसून रडले, खरं सांगते. या खेपेला कांद्याचा काही दोष नव्हता.

असो. काकांना नमस्कार सांग, आणि मामा तुमच्याकडे येतो म्हणाले तर गावाला चाललोय म्हणून कळव.

तुझी लाडकी (निदान तुझी तरी),
भाची

ता. क. हे पत्र साबणासाठी लिहिलेलं नाही हं. पण जमलंच तर आणखी एक वडी पाठव, गुलाबाचीच. फक्त तिचा कागद बदल आणि वर ठळक अक्षरांत 'खरजेचं औषध' असं लिही. म्हणजे मोरीत उघड्यावर ठेवली तरी कुणाची हात लावायची छाती होणार नाही.

आणखी ता. क. विहीणबाई, सप्रेम नमस्कार. हे अक्षर सूनबाईचं नाही, माझं आहे. तिने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरली, मग वाचलं गेलं. माझा भाऊ गुणी आहे, त्याच्यावर राग धरू नका. पण पोरगी मोरीत बसून रडली हे मला ठाऊक नव्हतं, जिवाला लागलं. तिची वडी तिने सांगितली तशीच पाठवा, मी काही कळल्याचं दाखवणार नाही. आणि जमलं तर एक माझ्यासाठीही पाठवा. जन्मभर चांगलंचुंगलं पाहुण्यांसाठी राखलं, माझ्या अंगाला काही लागलं नाही. माझ्या वडीवर मात्र 'नायट्याचं औषध' लिहा. खरूज लिहिलंत, तर सून आपलीच समजून वापरून टाकायची.