चाकाचे चार नट

वडनेर
रविवार

प्रिय अंकिता,

सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन पोरांना शिकवायची जागा तुला देऊ केली आहे आणि तू ती नको म्हणणार आहेस, हे आईने काल सांगितलं. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणे. "ज्या हातानं घरच्याच गाडीचं चाक बसवता आलं नाई, तो हात दुसऱ्याले काय शिकवीन," असं तू तिला म्हणालीस. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

आधी घरची बातमी ऐक. गाडीचं ऑइल मी परवा स्वतः बदललं, अंगणात, तुझी वही विटेला टेकवून. जोर मोजणाऱ्या पान्यावर आकडा लावायचा: ऑइलचा बोल्ट पस्तीस, चाकाचे नट पंच्याऐंशी, समोरासमोरचे आवळायचे, तेवढा जोर झाला की पाना कट् वाजतो, तिथं थांबायचं. तुझं अक्षर अजून शाळेतलंच आहे, आकडे मात्र ठसठशीत. आई पायरीवर भाजी निवडत हसत होती. काल सकाळी गाडीखाली एक थेंब नव्हता. मी दोनदा वाकून पाहिलं आणि शेजारच्या रत्नदीपलाही बोलावून दाखवलं. बढाई मारतोय म्हणशील, तर मारतोच आहे.

पण खरी बढाई तुझी. दिवाळीत तू त्याच अंगणात पुढचे ब्रेक बदललेस, तेव्हा अर्धी गल्ली कुंपणाशी उभी होती. पोरीला हे झेपतं का, असंही कोणी म्हणालं. तू वर पाहिलंसुद्धा नाहीस. जॅक, चाक, नट, कट्, पुढचा नट. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा होतो आणि माझी छाती फुगली होती. तेव्हाच तुला तसं सांगायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी हिंगणघाटच्या रस्त्यावर त्यातल्या एका चाकाचे दोन बोल्ट तुटले. गाडी हळू होती म्हणून निभावलं. गावभर झालं, पोरीनं नट ढिले सोडले. मी फोनवर तुला एवढंच विचारलं, "नट नीट आवळलते ना तुनं?" गॅरेजवाल्या तानबाने मात्र तुटका बोल्ट हातात फिरवून तेव्हाच म्हटलं होतं, "काका, हा ढिला राहून नाई तुटला. याले कोणीतरी लय ताणलं." मी विषय बदलला.

आता लिहितो. त्या दिवशी तू हात धुवायला आत गेलीस तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा आवाजावर काय भरवसा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाकं आपण पान्याला पाइप लावून, वर उभं राहून आवळतो. तसाच पाइप लावला आणि त्या चाकाचे चारही नट पाइपवर उभं राहून आणखी आवळले. तू बरोबर आवळले होतेस. बोल्ट तोडले मी. आज सकाळी तानबाच्या गॅरेजात, जे जे तेव्हा बोलले होते त्यांच्यासमोर हे सांगितलं. फोनवर सांगितलं असतं तर "जाऊ द्या बाबा" म्हणून तू मला सोडून दिलं असतंस आणि दोष स्वतःकडेच ठेवला असतास. म्हणून लिहून देतोय, खाली पूर्ण सही करून. साहेबांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव, आणि शनिवारी हो म्हण.

तुझाच बाबा,
अंकुश गुलाब भोयर