चौथ्या ताटलीचा निकाल

ब्रँडेल, कॅन्सस
जुलैचा शेवटचा सोमवार

तीर्थरूप सासूबाई ओपल डिर्किंग यांना जावई वेंडेल क्रॉस याचा टोपी काढून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. सध्या इकडे सर्व म्हणजे मी आणि कुत्रा. कुत्रा खुशाल आहे. तुमचं कमरेचं हाड कसं आहे? टोमॅटो यंदा बरे धरलेत का? कोंबड्यांची मात्र मला खरोखर काळजी वाटते. मी फोन केला की तुम्ही उचलता आणि दर वेळी सांगता, आर्लीन कोंबड्यांना दाणे टाकायला गेलीय. सासूबाई, सकाळी सहाला दाणे, दुपारी दाणे, चर्चमधून आल्याबरोबर दाणे! एवढं खाऊन त्या बिचाऱ्या अंडी कधी देणार? म्हणून शेवटी कागद आणि पेन घेतलं. पत्राला उत्तर दिलं नाही तरी ते निदान उघडावं लागतं.

जत्रेत काय झालं ते तुम्ही एका बाजूनं ऐकलंच असेल. पोटची लेक सांगते म्हटल्यावर आई दुसरं काय ऐकणार? पण मी चार वेळा निवडून आलेला खासदार आहे आणि दुसरी बाजू मांडणं हा माझा धंदाच आहे. आपल्या भागात खरी लढाई नोव्हेंबरात नसते, ऑगस्टात असते, आणि तीही रिपब्लिकन पक्षातल्या पक्षात. ती जिंकली की नोव्हेंबरात फक्त धुतलेला शर्ट घालून उभं राहायचं. आजवर मी जिंकलो ते एका वाक्यावर : क्रॉस बोलला की बोलला. कर वाढवणार नाही म्हणालो, वाढवू दिला नाही. यंदा मात्र ट्रॉय हॅगेमन उभा राहिलाय. तोच तो, गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा. त्याचं म्हणणं असं, की वॉशिंग्टनचं पाणी पिऊन मी मऊ पडलो. मी जुन्या वळणाचा, तर हा म्हणतो मी त्याहून जुन्या वळणाचा. मी एकच ट्रक पंचवीस वर्षं चालवतोय असं भाषणात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी हा गडी आजोबांचा ट्रक घेऊन आला. (चौघांनी ढकलत आणला, पण आणला.) अशा माणसाशी गाठ आहे.

आता पाईचं. बाळांच्या आणि पाईच्या स्पर्धेला परीक्षक होऊ नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एक घर खूश होतं आणि बाकी गाव उलटतं. पण ऐन वेळी परीक्षकाला दाढदुखी झाली आणि माझा प्रचार सांभाळणारा रॉजर म्हणाला, "साहेब, चढा तुम्हीच! लोकांना दिसू दे, आपला माणूस कुणाची भीड ठेवत नाही." (रॉजर पूर्वी डुकरं विकायचा. डुकरं परीक्षकावर रागावत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.) टेबलावर सात ताटल्या, वर नुसते आकडे, नाव कुणाचंच नाही. अर्थात रीत तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. जत्रेच्या समितीतली एखादी मुरलेली बाई परीक्षकाच्या मागे उभी राहते आणि योग्य ताटलीपाशी हळूच खोकते. या वेळी मिसेस लोव्हेल होत्या. चौथ्या ताटलीपाशी त्या खोकल्या. मला रीत आठवलीच नाही, मी त्यांना पाणी दिलं. पुन्हा खोकल्या. मी म्हटलं, "जुलैत एवढा खोकला बरा नव्हे, छाती दाखवून घ्या." तिसऱ्यांदा तर त्या इतक्या खोकल्या की मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि माणुसकी दाखवल्याबद्दल टाळ्या घेतल्या.

मग मी निकाल सांगितला. पहिला क्रमांक सहाव्या ताटलीला, पीचची पाई, पारी अशी खुसखुशीत की बोट लावलं तरी पापुद्रा सुटावा. आणि शेवटचा क्रमांक चौथ्या ताटलीला. एवढं बोलून खाली उतरलो असतो तर मी आज घरचं जेवत असतो. पण हातात माइक आला की माझं काय होतं ते तुम्ही माझ्याच लग्नात पाहिलंय. मी म्हणालो, "चौथीची पारी बुटाच्या तळव्यासारखी आहे. ही बाई घरी रोज हेच खाऊ घालत असेल, तर तिच्या नवऱ्याला माझी मनापासून सहानुभूती!" मंडप हसून लोटपोट झाला. आठ वर्षांत माझ्या कुठल्याच विनोदाला एवढं कुणी हसलं नव्हतं. मग आकडे उलटून नावं वाचली. सहावी ताटली ट्रॉय हॅगेमनची. (हो, त्याचीच. तो रेड्यासारखा माणूस पहाटे उठून पीठ मळतो!) आणि चौथी कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आर्लीन दुसऱ्या रांगेत माझी टोपी धरून उभी होती. ती वर आली, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट ठेवली, जराशी जोरात, आणि ट्रक घेऊन थेट तुमच्याकडे निघाली. मी घरी आलो तो रॉजरच्या डुकरांच्या गाडीतून. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टपालपेटीत हॅगेमनचा कागद पडला. वर माझा फोटो, तोंडात घास, आणि खाली मोठ्या अक्षरांत : खासदारांचीही पहिली पसंती हॅगेमनच.

मी हाय खाल्ली नाही. प्रचार जोरात चालू ठेवला. शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेकची न्याहारी होती, तिथे एकटा गेलो. एरवी आर्लीन माझ्या कोपराला धरून चालते आणि समोरचा माणूस हात पुढे करायच्या आत कानात सांगते, हा डेल, गुडघा बदललाय, मुलगा नौदलात. लोक म्हणतात वेंडेलची स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे. तर त्या दिवशी एक बाई भेटल्या, चेहरा ओळखीचा, मी हात धरून म्हणालो, "काय म्हणतात आमचे हॅरल्ड? म्हणावं, असं तोंड लपवून बसू नका, दिसा कधीतरी!" हॅरल्ड मार्चमध्येच गेले. त्यांच्या दफनाला मीच बोललो होतो, आणि चांगलं बोललो होतो. बाई माझ्या पॅनकेकवर पाक ओतत राहिल्या, ओतत राहिल्या, थांबल्याच नाहीत. बुधवारी आमच्या कचेरीत चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल असं जेवण ठेवलं. रोल दुकानातून आणले होते. पहिला घास घेऊन म्हाताऱ्या एल्डनने रोल ताटलीत ठेवला आणि मोठ्यांदा विचारलं, "का रे, ती अजून आली नाही वाटतं?" सगळे खाली बघून चिली ढवळायला लागले.

गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत मी आणि हॅगेमन समोरासमोर. तो एका श्वासात शेती, सीमा, पाणी आणि डिझेल असं सगळं पुकारून मोकळा होतो. मागच्या एका म्हाताऱ्याने सवयीने हात वर केला आणि मग घाबरून खाली घेतला, की चुकून काही विकत तर घेतलं नाही ना! शेवटी हॅगेमन माझ्याकडे वळला आणि चक्क सावकाश म्हणाला, "वेंडेल, तू कधी आपला शब्द फिरवलास?" मला वाटलं, आला हा माझ्या अंगणात. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "कधीच नाही! करावर नाही, कायद्यावर नाही, आणि पाईवरसुद्धा नाही!" वाटलं होतं टाळ्या पडतील. तर मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "मग जेव एकटाच!" टाळ्या पडल्या, पण तिला.

तरीही सासूबाई, मी डगमगणारा नाही. माणसाने बायको रुसली म्हणून निकाल बदलला, तर उद्या लॉबीवाले रुसले म्हणून तो कायदाही बदलेल. माझा पाय घसरला आहे, पण घसरलेला माणूस पडलेला नसतो. येत्या शनिवारी गुरं पाळणाऱ्यांच्या संघाचं मोठं जेवण आहे. तिथे ते कुणाच्या पाठीशी आहेत ते जाहीर करणार, आणि ते ज्याला उचलतील तो निवडून आला असं समजा. त्या जेवणाला मी जाणार, बोलणार आणि जिंकणार. हे सगळं तुमच्या कानावर असावं एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरं काही मागणं नाही.

तुमच्या कमरेला, टोमॅटोंना आणि त्या बिचाऱ्या कोंबड्यांना आराम पडो.

तुमचा आज्ञाधारक (तुमच्यापुरता),
वेंडेल

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. हॉलिस गावातल्या चारावाल्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव काय, ते आर्लीनला विचाराल का? माझं नाव न घेता विचारा. आणि ती उत्तर देताना कशी दिसत होती, तेही कळवा.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घातलं आणि परत काढलं. दुपारी भूक लागली म्हणून फ्रीजरमध्ये शोधलं, तर तळाशी तिच्या चेरीच्या पाईचा अर्धा भाग मिळाला. गरम करून खाल्ला. फोन बंद ठेवून, खुर्चीत बसून, काहीही न वाचता. सासूबाई, मला ती चव ओळखू आली नाही. जत्रेत ओळखू आली नाही याला मी तुमच्यासाठी तीन कारणं तयार ठेवली होती, भट्टी वेगळी, उकाडा, माइक. घरात एकही कारण लागू पडत नाही. आठ वर्षं मी ही पाई उभ्याने खाल्ली, एका हातात फोन आणि दाराशी गाडी चालू. पारी चिवट आहे म्हणून ती गेली असती तर मी समजू शकलो असतो. ती गेली कारण तिच्या हातचं मला कळलं नाही, आणि ते मी माइकवरून सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

ता. क. तिसरा : तरीही पारी चिवट आहे. हे मी आजही म्हणतो आणि शपथेवर म्हणेन, त्यात बदल नाही. पण त्या नवऱ्याबद्दल मी जी सहानुभूती जाहीर केली, ती मी पूर्णपणे आणि बिनशर्त मागे घेतो. त्या माणसाला सहानुभूतीची काडीचीही गरज नाही. हे रविवारी चर्चच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर सांगेन, हॅगेमनला हवं तर त्याने छापावं. रॉजरला कळवलंय की शनिवारी मी गुरंवाल्यांच्या जेवणाला नाही. तो फोनवर रडला. मी म्हटलं, निवडणूक काय, दर दोन वर्षांनी येते, आर्लीन परत येईलच असं नाही. शनिवारी जेवायच्या वेळेला मी तुमच्याकडे पोचतोय. तिला आधी सांगू नका, नाहीतर कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जाईल.

ता. क. शेवटचा : तुमची आणि तिची टपाली मतपत्रिका एव्हाना आलीच असेल. (टपाली मतदान बंद व्हावं हे माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, मी ते सभागृहात दोनदा मांडलंय. ते सध्या बाजूला ठेवा.) तिने ती भरून पोस्टात टाकली असेल, तर मत कुणाला दिलं ते मला कळवू नका, मी तसाच येईन. टाकली नसेल, तर मी येईपर्यंत घरातली सगळी पेनं लपवून ठेवा.