पहिला पहारा

चैत्र शुद्ध २, शके १८४०

झोप नाही! ऊन वाढल्यापासून माळवदावर निजायला लागलो आहे. अंगाला वारा लागतो न लागतो तोच जिना उतरायचा, मोरीत उकिडवं बसायचं, चार थेंब गळले की पुन्हा वर. पाठ टेकते न टेकते, पुन्हा तेच! आणि शेजारच्या माळवदावर विठ्ठलराव ओंडक्यासारखा पडलेला. वयाने माझ्याहून मोठा. एकदा म्हणून लघवीला उठत नाही. जळफळाट होतो अगदी.

चैत्र शुद्ध ३

केजच्या हकीमसाहेबांनी गोखरूचा काढा दिला. वर म्हणाले, "उमर का तक़ाज़ा है." वय झालं म्हणे! मग विठ्ठलरावाची उमर कुठे गेली?

चैत्र शुद्ध ५

आसाराम पाटील आले होते. नवमीला देवळात सप्ताह बसायचा. पहिल्या पहाऱ्याची वीणा वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरची. तीन तास उभं राहायचं, वीणा जमिनीला टेकवायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

पाटील खाली बघत म्हणाले, "आबा, गेल्या साली तुमी मधूनच निघून गेलते. औंदा विठ्ठलरावला उभं करावं म्हन्तो. त्यो एकदा उभा राहिला की हालत न्हाई."

माझ्या तोंडून "बरं" निघालं कसं! आत जाऊन रडलो. जानकी म्हणते, "एका वीणेपायी का म्हून जीव जाळता?" हिला काय सांगू? वीणा गेल्याचं एक वेळ सोसेन — पण ती त्याच्या गळ्यात!

चैत्र शुद्ध ७

कालपासून पाणी तोडलं. रात्रभर न उठता निजलो तर पाटलाला सांगता येईल, बघा, बरा झालो! कसलं काय — ओठ फुटले, डोकं भणभणलं, आणि उठायचं ते उठलोच. वर आता लघवीला आगही होते.

पारावर विठ्ठलराव भेटला. न राहवून विचारलं, "एवढा कसा रे झोपतोस?" नुसता हसला. म्हणाला, "तुजंच बरं हाय बे." माझी चेष्टा करतो!

चैत्र शुद्ध ८

वीणा वर्षभर आमच्याच देवघरात असते. ती न्यायला विठ्ठलरावाची बायको सुभद्राबाई आली. मीच खुंटीवरून काढून दिली. देवा, त्याची एक तरी रात्र माझ्यासारखी कर!

चैत्र शुद्ध ९

विठ्ठलराव वीणा घेऊन उभा राहिला. मी खांबाआडून बघत होतो. पहारा निम्मा झाला नसेल, त्याचा चेहरा घामाने थबथबला. डोळ्यांनी मलाच बोलावलं. वाटलं, सुटली धोतरात! — खरं लिहितो, आनंद झाला.

पुढे गेलो. वीणा माझ्या गळ्यात घातली आणि पोट धरून खाली बसला. धोतर कोरडं! ओटीपोट मडक्यासारखं टणक. कालपासून थेंब उतरला नव्हता म्हणे. लगेच गाडी जुंपून बीडच्या दवाखान्याला नेलं. तिथला डाक्टर नळी घालून लघवी काढतो म्हणतात. पण वाट दिवसभराची.

पहारा मी पुरा केला. मध्ये एकदा जाऊन आलो, तोवर पाटलांनी वीणा धरली.

चैत्र शुद्ध १०

बीडहून निरोप नाही.

काल गाडीकडे जाताना सुभद्राबाई वीणेपाशी थांबून मला बोलली ते काल लिहवलं नाही. "भाऊजी, सालभरापासून त्येंना नीट उतरतच न्हाई. उठून उपेग न्हाई म्हनून पडून ऱ्हायचे — टक्क जागे. तुमी जिना उतरले की मला म्हनायचे, बघ, सुटला! लई नशिबाचा हाय त्यो."

रात्री उठलो. उतरलो. मोकळा होऊन वर आलो. शेजारचं माळवद रिकामं.

देवा, त्याची एक तरी रात्र माझ्यासारखी कर.