चंद्राची तारीख

वाशीम, ४ ऑगस्ट २०२५

ती. मामाजींना सुनेचा सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तुम्ही पावसापाण्यावर जाता, म्हणून लिहिते. तुमच्या नातीने काल शाळेच्या कागदावर बापाची सही स्वतःच ठोकली. रागावले, तर म्हणाली, मंग कोनाची करू.

संस्कृतीचे बाबा घर सोडून गेले त्याला सात वर्षं झाली. वकील म्हणतात, आता कोर्ट त्यांना मयत ठरवू शकतं, पण गेल्याची तारीख नक्की हवी. आपण तक्रारच महिन्याने दिली. मला एवढंच आठवतं, त्या सकाळी तुमच्या दारातल्या फळ्यावर दिनविशेषात माणूस चंद्रावर उतरला होता. म्हणून मी २० जुलै लिहून दिली. पण त्यांना जऊळक्याला गाडीत चढताना पाहणारे दौलतसिंग भाऊजी शनिवार सांगतात, आणि वीसला शुक्रवार होता. अशाने अर्ज टिकणार नाही. तुमच्याकडे दिनविशेषाची वही आहे. हात जोडते, बघून कळवा.

आपली,
रंजीता

केनवड, ९ ऑगस्ट

चि. सौ. रंजीता हीस अ. उ. आ.

सोयाबीन बरं आहे. तुझी सासू रोज विचारते, पोरी कवा येऊन राह्यल्या. दोघी दोन दिवस या. अक्षर मात्र तुझं अजून तसंच, ओळी डोंगर चढतात.

वही सापडत नाही आणि मी शोधणारही नाही. मी लिहितो आहे तोवर तू सौ.च राहशील. वीरेंद्रला मी बोट धरून अक्षर गिरवायला लावलं. त्याला मयत लिहून दे, असं मला सांगू नकोस.

एक चूक तेवढी राहू नये. चंद्रावर पाऊल पडलं तेव्हा अमेरिकेत वीस तारीख होती. आपल्याकडे एकवीसची सकाळ उजाडली होती. मी चाळीस वर्षं फळ्यावर एकवीसलाच लिहितो. संस्कृतीलाही सांग.

तुझा,
मदनसिंग

वाशीम, १३ ऑगस्ट

ती. मामाजींना सा. न. वि. वि.

एकवीसला शनिवार होता. दौलतसिंग भाऊजींचं म्हणणं जुळलं. तुम्ही तारीख दिलीत.

पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली, आणि मग कुंकवाची डबी हातात घेऊन ओक्साबोक्शी रडले. आता साक्षीला तुम्हालाच यावं लागेल. घरातून निघताना ते काय बोलले, हे वकील विचारणार आहेत. येणार ना?

आपली,
रंजीता

केनवड, १८ ऑगस्ट

चि. रंजीता हीस आशीर्वाद.

नावाआधी खाडाखोड दिसेल. सौ. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी तसंच सोडलं.

मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो, तेव्हा आपण काय लिहून बसलो ते ध्यानात आलं. धावत गेलो. पेटी उघडून पत्रं नेली होती. आता साक्षीला येईन.

वकिलांना सांगायचं ते आधी तुला सांगतो. त्या शनिवारी मी चंद्राचीच ओळ लिहीत होतो. वीरेंद्र पाठीमागून म्हणाला, बाबा, जातो मी. मी वळलो नाही. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, एवढंच बोललो. तो पहिलीत असल्यापासून हेच सांगत आलो होतो. तो येतो म्हणेल म्हणून खडू धरून थांबलो. तो काही बोलला नाही. मग मी ओळ पुरी केली. वळलो तर अंगणात कोणी नव्हतं.

कुठे जातोस, एवढं मी विचारलं नाही गं. सात वर्षं हे तुझ्या सासूलाही सांगितलेलं नाही.

हे वाचूनही माझ्यावर लोभ उरला, तर ठेव.

मदनसिंग